घरबसल्या फोटो वाचा : नवशिक्या रेडिओलॉजिस्टांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, मध्ये नीट-पीजीच्या अभ्यासात गेलेली आणि कोणीच हिशेबात न धरलेली वर्षं. एवढं सगळं उरकून आता तुम्ही ठरवलंय की हॉस्पिटलच्या तळघरात बसण्यापेक्षा घरीच बसून सीटी, एमआरआय आणि एक्स-रे वाचायचे. निर्णय उत्तम आहे. तळघर काय, अंधारी खोली काय, अंधार तोच. इथे निदान चहा तरी घरचा मिळतो.

कोणी 'हे काय नवीन खूळ' म्हणालं तर त्यांना व्युर्त्सबुर्गची गोष्ट सांगा. 8 नोव्हेंबर 1895 रोजी विल्हेल्म रोन्टगेनला क्ष-किरण सापडले ते भौतिकशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेत, आणि त्याचं बिऱ्हाड होतं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. पुढचे कित्येक आठवडे तो खालीच जेवला आणि खालीच झोपला. 22 डिसेंबरला त्याने बायकोचा हात प्लेटवर ठेवायला लावला आणि अंगठीसकट हाडांचा फोटो काढला. म्हणजे आपल्या शाखेची सुरुवातच घरून काम करण्यात आणि घरच्यांना कामाला जुंपण्यात झालेली आहे. 1901 साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. तुम्हाला महिनाअखेरीस केसमागे पैसे मिळतील.

घरच्यांना समजावून सांगणे

ही पायरी सोपी वाटते म्हणून बरेच जण गाळतात. नातेवाइकांच्या लेखी तुम्ही आधीच संशयास्पद आहात. आत्याबाई लग्नात सांगतात, 'डॉक्टर आहे, पण फोटो काढतो.' आता तुम्ही फोटो काढतही नाही, दुसऱ्यांनी काढलेले बघता, तेही बर्म्युडा घालून. दाराला पाटी नाही, बाहेर चपलांचा ढीग नाही, औषधांचा वास नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना तुमचं नक्की काय चाललंय याची काळजी लागलेली असते.

'घरीच आहेस ना' या तीन शब्दांच्या मंत्राला उत्तर तयार ठेवा. या मंत्राने गॅसचा सिलिंडर उतरवून घेता येतो, तीन मजल्यांची पार्सलं तुमच्याकडे ठेवता येतात, आणि शेजारच्या काकांच्या गुडघ्याचा एमआरआय 'जरा एक मिनिट' म्हणत तुमच्या मांडीवर पसरता येतो. कामाची वेळ दारावर चिकटवून बघा. उपयोग होत नाही, पण आपण प्रयत्न केला याचं समाधान मिळतं.

खोली आणि यंत्रसामग्री

खोली अंधारी हवी. मिट्ट काळोख नको, त्याने डोळे शिणतात. साधारण 25 ते 50 लक्स एवढा मंद उजेड चांगला. देव्हाऱ्यातला झीरोचा बल्ब चालेल. खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर पडता कामा नये, कारण फुप्फुसातली पाच मिलिमीटरची गाठ आणि समोरच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल यांतला फरक दिवसाच्या चौदाव्या तासाला वाटतो तितका स्पष्ट राहत नाही.

मॉनिटर हा खर्चाचा मोठा भाग. मॅमोग्राफी वाचायची तर पाच मेगापिक्सेलचा, करड्या छटा वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकाप्रमाणे जुळवून घेतलेला पडदा लागतो, आणि स्तनाचे दोन फोटो शेजारी ठेवून बघायचे तर असे दोन. किंमत लाखांत जाते. घरात आल्यावर 'एवढ्या पैशांत टीव्हीपेक्षा लहान, आणि त्यात रंगसुद्धा नाही?' हा प्रश्न विचारला जाईल. त्यावर डायकॉम समजावू नका. लॅपटॉपवर सगळं भागतं असं सांगणारे सहकारीही भेटतील. त्यांना भागवू द्या.

आता नेट. सीटीचा एक काप म्हणजे 512 गुणिले 512 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. अपघातातल्या माणसाचं डोक्यापासून मांड्यांपर्यंत पातळ कापांचं स्कॅन केलं की हजार-दोन हजार काप सहज होतात, म्हणजे अर्धा ते एक जीबी. नवशिक्या डॉक्टर या हिशेबाने घरात भारीतलं फायबर घेतो, वर दुसऱ्या कंपनीचंही घेतो, इन्व्हर्टर बसवतो, आणि निश्चिंत होतो. मग कळतं की तुमच्या घरी वेग कितीही असो, केस अडते ती तिकडे, तालुक्याच्या गावच्या अपलोडवर, जिथे रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीने सकाळीच केबल उचकटलेली असते. पुण्यात राहत असाल तर गुरुवार ही देखभाल-दुरुस्तीची, म्हणजे वीज जाण्याची वेळ, हे कॅलेंडरवर चतुर्थीसारखं लिहून ठेवा.

लवचिक वेळ म्हणजे काय

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'तुमच्या सोयीच्या वेळी काम करा.' सोयीची वेळ कोणाची, हे जाहिरातीत लिहीत नाहीत.

घड्याळाचा हा धंदा मुळात पश्चिमेकडून आला. अमेरिकेतल्या छोट्या हॉस्पिटलांना रात्रभर जागा राहणारा रेडिओलॉजिस्ट परवडेना, तेव्हा 2001 साली आयडाहो राज्यात नाइटहॉक नावाची कंपनी निघाली. तिने सिडनीत डॉक्टर बसवले, कारण अमेरिकेची रात्र म्हणजे सिडनीचा दिवस. 2002 साली बंगळुरात डॉ. अर्जुन कल्याणपूर आणि डॉ. सुनीता माहेश्वरी यांनी टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स सुरू केली. हिशेब सुरेख आहे : पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेबारा. त्यांचा अपघात विभाग भरात आलेला असतो आणि तुमची नुकती पोळी-भाजी झालेली असते.

हे वाचून डोळे चमकले असतील तर खाली बसा. अमेरिकेतल्या केसवर सही करायला तिथल्या बोर्डाचं प्रमाणपत्र आणि त्या त्या राज्याचा परवाना लागतो. शिवाय देशाबाहेर दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देत नाही, म्हणून बाहेरून गेलेला रिपोर्ट बहुधा प्राथमिक ठरतो आणि सकाळी तिथला डॉक्टर येऊन अंतिम सही करतो. तुमच्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे. तेव्हा तुम्हाला मिळणार आहे ती भारताचीच रात्र, आणि ती इथेही रात्रीच येते.

यात हसण्यासारखं फार नाही, खरं तर. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत सीटीचं मशीन येऊन पोचलं, त्यामागे रेडिओलॉजिस्ट पोचला नाही. 2015 साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतल्या मोफत निदान सेवांची योजना आणली तेव्हा त्यात टेलिरेडिओलॉजी होतीच, ती याच कारणाने. रात्री अडीच वाजता एखाद्या शेतकऱ्याची उजवी बाजू लुळी पडली आणि तोंड वाकडं झालं, तर गुठळी विरघळवणारं औषध द्यायला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास हातात असतात. औषधाआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटीवर बघावंच लागतं. गावातून हॉस्पिटलपर्यंत जीप मिळवण्यात दोन-अडीच तास गेलेले असतात. उरलेल्या वेळात स्कॅन, अपलोड आणि तुम्ही. अशा केससाठी जागणं रास्त आहे.

गंमत आहे ती बाकीच्या केसेसची. वर्कलिस्टवर प्रत्येक नावासमोर वेळ पळत असते, तिला सगळे 'टॅट' म्हणतात. स्ट्रोकला अर्धा तास हे समजतं. पण 'अर्जंट' हा शिक्का एकदा फुकट मिळायला लागला की तीन वर्षांपासून दुखणाऱ्या कंबरेवरही तो बसतो, कारण पेशंटला पावणेसातची एसटी गाठायची असते. तुमची वेळ लवचिक, म्हणजे ती सगळ्यांच्या सोयीने ताणता येते. आणि ती ताणणाऱ्यांत तुम्ही स्वतः आघाडीवर असाल. एक्स-रेमागे बऱ्याच ठिकाणी दोन आकडी रुपये मिळतात, त्यामुळे 'अजून दहा करून उठतो' हे वाक्य पहाटेपर्यंत पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली केस

रीतसर यंत्रणा सोडून काही केसेस मागच्या दाराने येतात. मजकूर ठरलेला : 'मॅडम, जरा बघता का? फक्त ओपिनियन.' सोबत फिल्मचा फोटो. फिल्म ट्यूबलाइटसमोर हातात धरून काढलेला, ट्यूबलाइट बरोबर यकृतावर, कडेला धरणाऱ्याचा अंगठा, आणि मधोमध फोटो काढणाऱ्या डॉक्टरांची हनुवटी. कधी सोबत 'ईझी' असा शेराही असतो.

नाही म्हणा. का, तेही सांगता आलं पाहिजे. गॉडफ्रे हाउन्सफिल्डने 1971 च्या ऑक्टोबरात विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटचा सीटी काढला, आणि त्याच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार, घट्ट हाड अधिक हजार किंवा त्याहूनही वर. एवढ्या सगळ्या छटा डोळ्याला एकदम दिसत नाहीत, म्हणून आपण खिडकी लावून त्यांतला एकेक तुकडा बघतो. मेंदूसाठी शून्य ते ऐंशीची खिडकी. पण कवटीला चिकटून बसलेला रक्ताचा पातळ थर त्या खिडकीत हाडाच्याच पांढऱ्यात मिसळतो. खिडकी रुंद केली की तो सुटा दिसतो. फिल्मवर खिडकी कायमची गोठलेली असते, आणि ती तुम्ही निवडलेली नसते. तीनशे कापांतले वीस काप कोणीतरी निवडले, त्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केला, आणि त्यावर तुम्ही अंगठा उंचावल्याची खूण पाठवायची. ही खूण उद्या कोर्टात रिपोर्ट म्हणून उभी राहील का, या विषयावर वकील मित्राशी बोलून ठेवा, पण त्यालाही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नका.

रिपोर्ट लिहिणे

रिपोर्टची सुरुवात टेम्पलेटने होते. टेम्पलेट म्हणजे आधीच लिहून ठेवलेला निरोगी माणूस. त्यात तुम्ही पेशंटचे आजार भरत जायचे. पित्ताशय चार वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या बाईंचं पित्ताशय 'आकाराने व्यवस्थित, खडे नाहीत' असं छापून जाणं हा या पद्धतीचा सर्वांत जुना चमत्कार. बोलून टाइप करणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर त्याचा स्वतःचा चमत्कार निराळा : 'नो फ्रॅक्चर' असं तुम्ही स्पष्ट म्हणता, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते ती नेमकी 'नो'वर.

निश्चित काही सांगता आलं नाही की 'क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक' असं लिहायचं. म्हणजे, पेशंटला बघणाऱ्याने ठरवावं. पेशंटला बघणाऱ्याने तुमच्याकडे पाठवलं होतं ते 'बघून कळत नाही' म्हणून. हे वाक्य दर रिपोर्टात घालणाऱ्यांना सर्जन लोक काय म्हणतात, ते मार्गदर्शिकेत छापता येत नाही.

आकडा मात्र जपून द्या. 2020-21 मध्ये, कोविडच्या काळात, आख्ख्या महाराष्ट्राने छातीच्या सीटीचा स्कोअर पाठ केला होता. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पंचवीस. पंचविसापैकी अकरा आले की घरचे हादरायचे, आणि नऊवाला अकरावाल्याला धीर द्यायचा. ऑक्सिजन किती आहे हे कोणी विचारायच्या आत स्कोअर गावभर झालेला असे. तुम्ही घरी बसून टंकलेला आकडा तिकडे कसा वाचला जातो, हे तेव्हा आपल्या सगळ्यांनीच बघितलं.

कॉम्प्युटर तुमची नोकरी खाईल का

2016 साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी टोरांटोत सांगितलं की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. त्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतलेला माणूस आज ही मार्गदर्शिका वाचतोय. छातीच्या एक्स-रेवर क्षयरोगाची चाळणी करायला यंत्राचा वापर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्य केला, आणि त्या कामात ते खरंच उपयोगी आहे. केबल तुटल्यावर ते तिकडे फोन करत नाही, एवढंच.

सोनोग्राफी

सोनोग्राफी घरून करता येत नाही. प्रोब पेशंटच्या पोटावर लागतो, आणि तो धरणारा हात तुमचाच लागतो. शिवाय पीसीपीएनडीटी कायदा आहे. गर्भलिंगनिदान रोखायला महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 साली कायदा केला. केंद्राचा 1994 चा. मशीन नोंदवलेलं, जागा नोंदवलेली, डॉक्टर नोंदवलेला, आणि प्रत्येक गर्भवतीमागे एफ फॉर्म. 2012 साली आलेल्या नियमाने तर एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रं अशी मर्यादाही घातली. त्यामुळे 'मी पूर्ण रिमोट आहे' असं म्हणणारे बरेच जण आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी बूट घालून बाहेर पडताना दिसतात. त्यांना हटकू नका. माणसं बघायला मिळतात म्हणून ते खुशीत असतात.

आता फोन

ही पायरी यादीत सर्वांत खाली टाकली कारण वर टाकली असती तर तुम्ही पुस्तिका मिटली असती. लोक घरून काम घेतात ते बऱ्याचदा फोन टाळायला.

2013 साली बॉस्टनच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 24 रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसांचे सीटी दाखवून गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या केसमध्ये संशोधकांनी एक गोरिल्ला घुसवला होता, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठा. वीस जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यावरून कळलं की न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर पडली होती. गाठी शोधा म्हटलं, त्यांनी गाठी शोधल्या. तेव्हा तुम्हाला काय शोधायला सांगितलंय, हे तुमच्या पडद्यापेक्षा महाग आहे. आणि पाठवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं : 'पोटदुखी'. कधी नुसतं प्रश्नचिन्ह. तळघरात होतात तेव्हा हा कागद कोणी वाचत नव्हतं. सर्जन जाता-येता आत डोकावायचे, 'अहो, तो बैलाने मारलेला आहे, प्लीहा बघा.' घरात कोणी डोकावत नाही. डोकावलंच तर भाजी काय करू विचारायला.

म्हणून फोन करायचा. काही भयंकर दिसलं, मेंदूत रक्तस्राव, पोटात फुटलेलं आतडं, तर रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही. आधी कळवायचं, आणि कोणाला कळवलं, किती वाजता, हे रिपोर्टात लिहायचं. प्रत्यक्षात ते असं घडतं. हॉस्पिटलचा छापील नंबर लावला की रिंग जात राहते. दुसऱ्यांदा वॉचमन उचलतो. 'सर ओटीत आहेत.' आरएमओ? 'जेवायला गेलेत.' सिस्टर? 'सिस्टर, तुमचा फोन,' असा लांबून आवाज, मग चपला, मग 'बोला मॅडम'. तुम्ही सांगता, त्या लिहून घेतात. काय लिहिलं ते परत वाचून दाखवायला सांगा. ही पायरी गाळू नका. 'सबड्युरल' कागदावर उतरेपर्यंत त्याचं काहीही झालेलं असू शकतं.

छापील नंबर विसरा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक केंद्रावरच्या रात्रपाळीच्या टेक्निशियनचा स्वतःचा नंबर मागून घ्या आणि गावासकट सेव्ह करा : 'सीटी दादा', 'नाइट सिस्टर', 'एक्स-रे ताई'. पेशंट मशीनवर चढताना कुठे कण्हला, पोटावर टाके आहेत का, दारूचा वास येतोय का, सोबतचे नातेवाईक काय सांगतायत, हे सगळं त्या खोलीत एकट्या त्याच माणसाला माहीत असतं, आणि त्याला ते कोणी विचारत नाही. त्याला अहोजाहो करा. 'केस नीट काढलीत' एवढं अधूनमधून सांगा, खरोखर नीट काढली असेल तर. पुढच्या वेळी तो न विचारता कागदावर दोन ओळी जास्त लिहील.

पहाटे तीनला फोन लावलात आणि त्याने पहिल्या रिंगला उचलला, तर तुमचं बस्तान बसलं असं समजा. आधी पेशंटचं नाव आणि वय पडताळा. मग कुठली बाजू दुखतेय ते विचारा. पडद्यावर आपल्याला डावं उजवीकडे दिसतं आणि तो पेशंटच्या पायाशी उभा आहे, तेव्हा बाजू सांगताना पेशंटला दुखत्या बाजूचा हात वर करायला लावा म्हणावं.